कुंडीतला वाळा

मोरीत दोऱ्यासारखा काळा जीव वळवळताना दिसला, तशी सासूबाईंनी मीठ मागितलं. "वाळा साप आहे. झोपेत कानात शिरतो."

कुमुद बरणी घेऊन आली, पण तिने ती दिली नाही. "अबोलीच्या कुंडीतून आलाय. आंधळा असतो बिचारा. मुंग्यांची अंडी खाऊन मातीत राहतो."

ती कुंडी तिच्या आईच्या अंगणातली. आई गेली, भावाने घर विकलं, नव्या मालकाने अंगणभर फरशी घातली.

"म्हणजे आणखी होतील," सासूबाई म्हणाल्या.

"होतील. यांच्यात नर नसतोच. एकटी मादी आली, तरी वंश चालतो."

सासूबाईंनी कोपऱ्यातली सुपली पुढे सरकवली. "अलगद घे. माहेराहून आलेल्यावर मीठ टाकायचं नसतं."