देखणी गटारं

"आपल्याइतकी देखणी गटारं जगात कुणाची नसतील," मोठे साहेब केबिनमधल्या पडद्याकडे बघत म्हणाले. "फक्त या रेघा जरा आवरा."

प्रोग्रॅमर बाईंनी कीबोर्डवरचा हात मागे घेतला. पडद्यावर शहराच्या मैल्याचं जाळं होतं. ठिपका म्हणजे चेंबर, रेघ म्हणजे पाइप. प्रोग्रॅममधून रेघ काढली की त्या पाइपाची झडप बंद, जोडली की उघडी.

"सर, हे नुसतं चित्र नाहीये. रेघ काढली की झडप खरोखर बंद होते."

"अहो, आत्ता पाहुणे येतील. त्यांना हा केसांचा गुंता दाखवू? एक रेघ दुसरीवरून जाता कामा नये!" साहेबांनी जिभेवर बोट ओलं करून नको असलेल्या रेघांवर टेकवलं. प्रत्येक रेघेवर एकेक ओला ठसा उमटला. "आणि तुम्हाला कायम करायची फाइल इथेच पडलीये. सही तेवढी राहिलीये."

बाईंनी एकदा फाइलीकडे पाहिलं. त्यांनी ठशांखालच्या रेघा काढल्या.

"बघा, कसं मोकळं वाटतंय! आता डावीकडे एक घाला. तोल जातोय."

"डावीकडे आपलं ऑफिस आहे, सर. ती झडप उघडली तर मुख्य लाइनीतलं सगळं उलटं इकडे येईल."

"घाला हो! दिसायला काय छान दिसतं ते मला शिकवू नका."

बाईंनी घातली.

पाहुणे आले, टेकले. "वा, काय स्वच्छ काम आहे," त्यांतले थोरले म्हणाले. साहेबांची छाती फुगली. तेवढ्यात केबिनला लागून असलेल्या बाथरूममध्ये गुडगुडलं. मग दाराखालून एक तपकिरी जीभ आत सरकली आणि गालिच्यावर पसरली. थोरल्या पाहुण्यांनी आधी पाय खुर्चीवर घेतले, मग नाकाला रुमाल लावून जे पळाले ते थेट गाडीत. बाकीचे त्यांच्या मागोमाग.

साहेब घोट्यापर्यंत बुडून उभे होते. "काढा! काढा ती रेघ!"

बाईंनी टेबलावरची फाइल उघडून त्यांच्यासमोर धरली. "आधी सही, सर."

"तुम्हाला लाज नाही वाटत?"

"वाटते. इथे करा, खाली."

साहेबांनी सही केली. पेन निसटून खालच्या मैल्यात पडलं. त्यांनी वाकून ते चाचपत शोधलं आणि दोन्ही हातांनी पँट वर धरायची म्हणून दातांत धरलं.