धाकटीचा सूड

घरच्यांच्या मनाविरुद्ध लग्न केलं म्हणून थोरल्या भावाने धाकटीला, आई गेली त्या दिवशीसुद्धा, दारातूनच हाकललं होतं. आता तिच्या कॅन्सरपुढे डॉक्टरांनी हात टेकले, तेव्हा तो उशाशी येऊन रडू लागला. "माफ कर गं." तिच्या अंगाचा तिळपापड झाला. इतक्या स्वस्तात सोडते की काय याला! "बघते," ती म्हणाली. "आधी पाय चेप." मग तो रोज यायचा, माफी मागायचा आणि ती त्याला मनसोक्त राबवायची. भांडी घासून घ्यायची, नखं कापून घ्यायची, वर टोमणेही मारायची. सकाळी डोळे उघडले की मनापासून हात जोडायची, याला छळायला आणखी एक दिवस मिळाला! एकदा तो माफी न मागताच निघाला. "का रे, विसरलास?" "नाही. माफ केलंस तर बोलावशील कशाला?" "नाहीच करणार," ती खेकसली. "मरेपर्यंत यायचं."