हौदातलं पाणी

पहिला ठोसा तोंडावर बसला, दुसरा बरगडीत. तिसऱ्याला मेव्हणा हौदाच्या कठड्यावर आपटला आणि त्याचा एक दात तुटून चिखलात पडला.

"बोल, काय कालवलंस पाण्यात?" घोडेवाल्याने त्याची मान आवळली. "बोल, नाहीतर इथेच गाडतो तुला!"

"आईशप्पथ दाजी, काही नाही!"

हौदाभोवती चार घोडी मरून पडली होती. पाय ताणलेले, तोंडाला फेस. पोटच्या पोरांसारखी वाढवलेली जनावरं! गरम झरा बघायला येणाऱ्या पाहुण्यांना पाठीवर घेऊन ती टेकडी चढायची, त्यांच्यावरच घर चालायचं. काल संध्याकाळी पाणी प्यायली आणि थरथरत जागीच कोसळली. सकाळी जनावरांचा डॉक्टर येऊन पोट फाडून बघून गेला. "विषबाधाच आहे. कसली ते तपासून दुपारी कळवतो," म्हणाला. पण दुपारपर्यंत थांबतोय कोण?

घोडेवाल्याच्या मते त्यात तपासण्यासारखं काही नव्हतंच. झऱ्याचं पाणी हौदात आणणाऱ्या पाटात हिरवा थर माजला होता. काल त्यावरून एक पाहुणीबाई घसरून पडली. तो खरवडायला सांगितलं तर हे महाशय कुरकुरले, पायाला चटके बसतात म्हणे. चारचौघांदेखत एक थोबाडीत खाल्ली, तेव्हा फावडं हातात घेतलं. वर परत विचारतो कसा, खरवडलेलं टाकू कुठे? "सोड पाण्याबरोबर खाली, डोकं नको खाऊ!" घोडेवाला खेकसला होता. त्यावर गाल चोळत हा पुटपुटला, "बघून घेईन." आणि संध्याकाळी घोडी गेली. आणखी काय पुरावा हवा?

बायको अनवाणी धावत आली. "अहो, सोडा त्याला! एकुलता एक भाऊ आहे माझा!"

"भाऊ? साप आहे साप!" त्याने तिला ढकलून दिलं आणि फावडं उचललं. मेव्हण्याने दोन्ही हातांनी डोकं झाकलं. पातं मनगटावर बसलं, हाड कडकन वाजलं. दुसऱ्यांदा फावडं वर गेलं आणि तिथेच थांबलं.

"काही कालवलं नाहीस ना? मग पी हे पाणी!"

मेव्हण्याचा चेहरा एकदम उजळला. पाण्याची भीती त्याला कशाला वाटेल? विष असलंच तर चाऱ्यात असेल. ज्या झऱ्यात अंडं शिजतं, त्यात कीडमुंगी तरी जगेल का? अख्खी वस्ती ते पाणी निवलं की तसंच प्यायची. त्याने धडक्या हाताने कठड्यावरचा तांब्या हौदात बुडवला आणि गटागटा रिकामा केला. कुणी न सांगता दुसराही प्यायला. तळाशी हिरवा गाळ होता, तोही गिळला.

फावडं खाली पडलं. विष कालवणारा असा पिईल का? घोडेवाल्याला स्वतःची शिसारी आली. त्याने मेव्हण्याला छातीशी धरलं आणि ढसाढसा रडला. "चुकलो रे बारक्या! हात झडो माझा!"

"जाऊ द्या हो, दाजी," मेव्हणा रक्ताळलेल्या तोंडाने हसला. "ठोसा मात्र जबरा होता. ओठ बधिर झालेत अजून."

तेवढ्यात फोन वाजला. डॉक्टर होता.

"घातपात नाही हो. तुमच्या पाटातला तो हिरवा थर आहे ना, ते जिवाणू आहेत. गरम पाण्यातच पोसतात आणि विष तयार करतात. कुणीतरी तो थर खरवडून पाण्यात सोडलेला दिसतोय. आधी ओठ बधिर होतात, मग श्वास बंद पडतो. त्यावर उतारा नाही. हौदाकडे कुणाला फिरकू देऊ नका, ऐकताय ना?"

घोडेवाल्याने वळून पाहिलं. मेव्हणा कठड्याला टेकून बसला होता. त्याची मान एका बाजूला कलली होती.

"काय म्हणाले डॉक्टर?" त्याने जड जिभेने, मोठ्या आशेने विचारलं. "माझं नाव नाही ना घेतलं?"