वर्षाचं पहिलं पाऊल

दुपार झाली तरी घरात कोणाचं पाऊल पडलं नव्हतं.

एतेरी सकाळपासून दाराकडे कान लावून बसली होती. नव्या वर्षाच्या दिवशी उंबरा पहिल्यांदा जो ओलांडेल त्याच्या पायगुणावर घराचं अख्खं वर्ष जातं, हे त्बिलिसीत लहान पोरालाही ठाऊक. तिचा चुलतभाऊ नुगजार दर वर्षी त्यासाठी यायचा. आज रुस्तावीहून बस सुटली नव्हती की तोच आजारी पडला होता, कळायला मार्ग नव्हता. फोन मुका होता. वीज कालपासूनच नव्हती. नवं शतक अंधारातच आलं होतं.

सून माका कोटावर रजई पांघरून सोफ्यावर बसली होती. तिला आठवा महिना होता. नवरा मॉस्कोत, बांधकामावर. रॉकेलचा स्टोव्ह सकाळी भगभगला आणि विझला.

"आई, शेजारून कोणाला तरी बोलवा ना. कोणीही चालेल."

"कोणीही चालत नाही," एतेरी म्हणाली.

तेवढ्यात दारावर थाप पडली. एतेरी धावली. दार उघडलं तर बाहेर झाकलेलं पातेलं, शेजारी फडक्यात गुंडाळलेल्या दोन गरम विटा. समोरच्या घरातली लामारा पाठ फिरवून परत निघाली होती.

"राजमा आहे. चुलीत लाकडं घातलीच होती, म्हटलं विटाही तापवाव्यात," ती वळून न बघता म्हणाली. "पोरीच्या पायाशी ठेव. मी आत येत नाही. मला कळतो आजचा दिवस."

ती काळ्या कपड्यांत होती. सहा वर्षांपूर्वी तिचा मुलगा लेवान अबखाझियाच्या लढाईत गेला, पाठोपाठ नवरा. तेव्हापासून वर्षाच्या पहिल्या दिवशी ती घराबाहेर पडत नसे. जिन्यात कोणाला आपलं तोंड दिसायला नको म्हणून. आणि त्या दिवशी एतेरीही दाराच्या भोकातून समोरचं दार बंद आहे ना, हे बघूनच खाली उतरत असे. दोघींनाही ते माहीत होतं.

एतेरीने वाकून पातेलं उचललं. एक हात दार लोटायला गेला आणि तिथेच राहिला.

"गेल्या वर्षी नुगजारमामाच आले होते," आतून माका म्हणाली. ती हळूच बोलली, पण जिन्यात सगळं ऐकू गेलं. "हसत आले होते. हातात वाइन होती, मिठाई होती. मार्चमध्ये माझं बाळ गेलं, आई."

एतेरीने पातेलं पुन्हा खाली ठेवलं.

"लामारा, ये आत."

"वेडी झालीस? पोटुशी पोर आहे घरात."

"म्हणून तर."

"उद्या काही झालं, तर वर्षभर मला शिव्या देशील."

"देईन. मला काय तू आज ओळखतेस? पण ये." एतेरीने उंबऱ्याच्या आतूनच हात पुढे केला. "लेवान लहान असताना या जिन्यातल्या सगळ्या घरांत पहिला पाय त्याचाच पडायचा. झोपेतून उचलून न्यायचो आम्ही त्याला. तू ओरडायचीस, पोराला तोंड तरी धुऊ द्या म्हणून. तो कोणाच्या घरातून यायचा गं?"

लामाराने तोंडावर हात ठेवला. एतेरीने तिचा दुसरा हात धरला. ओढला नाही, नुसता धरून ठेवला.

बऱ्याच वेळाने लामाराने उजवा पाय आत टाकला.

"पाय माझा," ती म्हणाली, आणि तिने चौकटीला हात टेकला. पहिल्या पावलाला म्हणायचं ते ठरलेलं वाक्य तिने पुन्हा सुरू केलं. "पाय माझा, पाऊल देवदूताचं."

माकाने मधातल्या अक्रोडाची चिक्की तिच्या तोंडात घातली. राजमा तिघींनी पातेल्यातूनच खाल्ला. मग लामारा माकाचे गारठलेले पाय मांडीवर घेऊन चोळत बसली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. विचारलं तर म्हणाली, "चिक्की कडक आहे. दात दुखतोय."

ती निघाली तेव्हा एतेरीने तिच्या खिशात आणखी मूठभर चिक्की कोंबली. दार उघडलं तर खालच्या मजल्यावरून खोकला ऐकू आला. तिथे म्हातारे शोता एकटेच राहत. ते कठडा धरून वर बघत उभे होते.

"लामारा," ते म्हणाले, "वरचं झालं असेल तर माझ्याकडेही ये. सकाळपासून दार उघडं टाकून बसलोय. मला कोण येणार दुसरं?"

लामारा सरळ आपल्या घरात गेली. एतेरीला वाटलं, आता कडी लागणार. पण ती पुन्हा बाहेर आली. तिच्या पायांत टाचांचे जुने बूट होते, फडक्याने नुकतेच पुसलेले. भिंतीला हात लावत ती एकेक पायरी उतरू लागली.

एतेरी आणि माका दारात उभ्या राहून अंधारातला तो टाचांचा आवाज ऐकत होत्या. त्याच्याही खाली, कुठल्यातरी मजल्यावर, आणखी एक दार करकरत उघडलं.