डबीतली भाकर

रविवारी पहाटे रोमन अमलाखालच्या कार्थेजमध्ये रोगाटसला ख्रिस्ती प्रार्थनाघराच्या दारात पुन्हा अडवले. “तुमची जागा अंगणात,” द्वारपाल म्हणाला. “जीव वाचवायला सम्राटाच्या मूर्तीपुढे चिमूटभरच धूप टाकलात ना? वास अजून गेला नाही, भाऊसाहेब.” धूप नाकारून तुरुंग भोगलेली रोगाटसची बायको दोनाता आत गेली. भिंतीपलीकडची प्रार्थना ऐकत तो थंडीत उभा राहिला. बाहेर येताना तिच्या रुमालात आठवडाभर पुरवायची प्रभुभोजनाची भाकर होती. घरी तिने तुकडे लाकडी डबीत ठेवले. ते ती रोज एकटीच खाई. “मला कधी?” त्याने विचारले. “मंडळीतले वडीलधारे ठरवतील. तोवर हात लावलात तर जळाल, म्हणतात.” “आणि तू काय म्हणतेस?” दोनाताने घागर उचलली. एरवी डबीची किल्ली कमरेला खोचणारी ती आज डबी उघडीच ठेवून विहिरीवर गेली. रोगाटसने हात धुतले आणि तो डबीसमोर बसला. दोनाता अजून परतली नव्हती.