मतदानाची घंटा

युरोपातून बाहेर पडण्याच्या करारावर मतदानाची घंटा लंडनच्या संसदेत घणघणली आणि खासदार विल्फ्रेड अ‍ॅक्रॉइड सभागृहाकडे न जाता उलट्या दिशेने निघाला. "करार मंजूर केलास तर घरात पाऊल टाकू नकोस," बायकोने बजावलं होतं. "नामंजूर केलास तर गावात दिसू नकोस," सासऱ्यांनी दम भरला होता. विल्फ्रेड गुपचूप झाडू-बादल्यांच्या खोलीत शिरला आणि अंग चोरून बसला.

एवढ्यात दार उघडलं. दारात साक्षात पक्षाचे प्रतोद पेनिंग्टनसाहेब! एकेका खासदाराची मानगूट धरून त्याला मतदानाला नेणारा माणूस. "येतो साहेब, आलोच," म्हणत विल्फ्रेड धडपडत उठला.

 

"ओरडू नकोस रे, जरा सरक," साहेब कुजबुजले, "करार करून आलेल्या मंत्रीबाईपण मागे उभ्या आहेत!"