आतली कडी

उद्या कारागृहातून सुटणारा सुतार तिथल्या शिक्षिकेसमोर मान खाली घालून उभा होता. मागच्या रजेत घरी गेला तेव्हा लेकीच्या सताड उघड्या दारापाशी तो तुरुंगातल्या सवयीने आत जाण्याच्या हुकमासाठी तिष्ठत राहिला होता. लेक ढसाढसा रडली होती. “पुन्हा तसंच झालं तर, बाई?” शिक्षिकेने सुटणाऱ्यांना घरच्या वावराचा सराव व्हावा म्हणून ठेवलेल्या खोलीकडे बोट दाखवले. कैद्यांसाठी आतून कडी असलेले ते एकमेव दार होते. “आत जा, कडी लावा. उघडायचं की नाही, ते तुम्हीच ठरवा.” दार मिटले, कडी सरकली. बराच वेळ ती निघाली नाही. बाहेर थांबलेले तुरुंगाधिकारी अस्वस्थ होऊन पुढे सरसावले. उभ्या नोकरीत त्यांनी कैद्याचे दार कधी विचारून उघडले नव्हते. आज त्यांनी हलकेच टकटक केली. “येऊ का आत?” कडी निघाली. दारात सुतार घरधन्यासारखा ताठ मानेने उभा होता. “या ना, साहेब! बूट तेवढे बाहेर काढा.” साहेब नाड्या सोडण्यासाठी वाकले.